हातात तुतारी, पाण्यात मासा

मार्केवाल्या चाचांना इंग्रजीचा एक शब्द बोलता येत नव्हता, पण इंग्रजी अक्षर वाकडं दिसलं की ते भर रस्त्यात उभे राहून शिव्या देत. अकोल्याच्या बाजारात एका शिंप्याने दुकानावर नवी पाटी लावली होती. रंगाऱ्याने तिच्यातला 'एन' उलटा काढला होता. मधली तिरपी रेघ भलत्याच बाजूने उतरली होती. चाचांनी मान वर केली आणि ओरडले, “अबे, मासोई मारली ना तुनं! पाह्य, पोट वर करून पडली!” शिंपी बाहेर आला, गिऱ्हाईक बाहेर आलं. पाटीत मासोळी कुठली, कुणाला काही कळेना. मी चाचांच्या बरोबर होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या सगळ्याचं मूळ त्या लाजेत आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अमरावतीला मॅट्रिक होऊन अकोल्याच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. वऱ्हाड नावाला निजामाचा, कारभार नागपूरचा आणि रुबाब साहेबाचा, असा तो काळ. सरकी काढलेली रुई आमच्याकडे यायची, दाबून तिच्या गाठी बांधल्या जायच्या, आणि प्रत्येक गाठीवर काळ्या शाईने मार्का मारून ती मुंबईच्या वॅगनमध्ये चढायची. तो मार्का मारणं हे चाचांचं काम. मूळचे अकोटचे, पन्नाशीचे, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. पत्र्यात छिन्नीने अक्षर कापायचं, पत्रा गाठीवर धरायचा आणि काजळी-जवसाच्या तेलाची शाई त्यावरून कुंच्याने फिरवायची. पत्रा उचलला की खाली अक्षर. 'ए' म्हणजे पहिल्या प्रतीची रुई, 'बी' म्हणजे दुसऱ्या, 'सी' म्हणजे तिसऱ्या.

“अक्षर गवाह हाय, बाबू,” ते म्हणत. “गाठीच्या पोटात काय हाय, ते थ्या मुंबईवाल्याले दिसत नाई. त्याले अक्षर सांगते. अक्षर खोटं बोललं त कापूस पिकवनारा खोटा, गाडीवान खोटा, आपन समदे खोटे.” म्हणून मारलेलं प्रत्येक अक्षर ते दोन पावलं मागे सरून पाहत. शाई फुटली असेल तर ते ओल्या चिंधीने पुसून पुन्हा मारत. हमाल कुरकुरत, कारकून घड्याळ दाखवत. चाचा दोघांनाही सारखीच शिवी देत आणि पुढच्या गाठीकडे वळत.

आता ही अक्षरं त्यांना कशी कळत, ते सांगतो. लहानपणी अकोटच्या मौलवींनी त्यांच्याकडून अक्षरांची एक जुनी माळ घोटून घेतली होती. ताविजात आकड्यांऐवजी अक्षरं लिहितात, त्यासाठीची. अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत. अलिफ-बे-पे-ते हा उर्दूचा नेहमीचा क्रम वेगळा; ही त्याच्याहून पुरातन. प्रेसमध्ये लागल्यावर कुणीतरी त्यांना इंग्रजी अक्षरं ओळीने म्हणून दाखवली आणि चाचा जागीच थबकले. के, एल, एम, एन. अरे, हे तर कलमन! क्यू, आर, एस, टी. हे तर करशत! त्यांनी त्या कारकुनाला विचारलं, “के च्या बाजूले एलच काहून बसते जी?” कारकून म्हणाला, “असतोच तो तिथे.” पुढे तोच प्रश्न चाचांनी हेडक्लार्कला विचारला, पोस्टमास्तरला विचारला, मला विचारला. मी फर्स्ट क्लास मॅट्रिक. मीही म्हणालो, “असतोच.”

उत्तर त्यांना शेवटी मालधक्क्यावर मिळालं. बडनेऱ्याचे एक गार्डसाहेब मालगाडी घेऊन येत. बेने इस्रायली, घरची बोली मराठी आणि प्रार्थनेचं पुस्तक हिब्रूतलं. एका दुपारी गाडी अडकून पडली होती, तेव्हा चाचांनी त्यांनाही तो प्रश्न टाकला. गार्डसाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला आणि वॅगनच्या दारावर आपली हिब्रू अक्षरं एकेक करून काढली. अलेफ म्हणजे बैल. बेथ म्हणजे घर. दालेथ म्हणजे दार. काफ म्हणजे तळहात. लामेद म्हणजे बैलाला टोचायची काठी. मेम म्हणजे पाणी. नून म्हणजे मासा. ऐन म्हणजे डोळा. रेश म्हणजे डोकं. शीन म्हणजे दात. आणि सगळ्यात शेवटी ताव, म्हणजे खूण, निशाणी. “ह्याच्यापुढे आमच्यात अक्षर नाही. तुमचं ते करशत आणि साहेबाचं एबीसी ह्याच घरातून निघालेलं आहे,” ते म्हणाले.

चाचांनी आपला 'ए'चा पत्रा काढला, उलटा धरला, आणि खरोखर ओरडलेच. दोन शिंगं वर, निमुळतं तोंड खाली. “अबे, हा त पोळ्याचा बैल हाय!” बैलाला टोचायच्या काठीला आमच्या वऱ्हाडात तुतारी म्हणतात. म्हणजे के-एल-एम-एन झालं, “हातात तुतारी, पान्यात मासोई.” हे वाक्य ते दिवसभर पुटपुटत होते. के च्या बाजूला एल का बसतो? कारण हातात तुतारी असते! आणि टी म्हणजे खूण. “पाह्य बाबू, समद्यायच्या मांगून माहाच धंदा येते,” असं म्हणून त्यांनी मिशीवर हात फिरवला. त्या वर्षी पोळ्याला प्रेसच्या फाटकाशी जेवढ्या बैलजोड्या आल्या, तेवढ्यांच्या पुठ्ठ्यावर चाचांनी गेरूने उलटा 'ए' मारून दिला. गाडीवान खूश. 'ए'च्या पत्र्याच्या कडेलाही त्यांनी खिळ्याने एक बैलाचं तोंड कोरलं, उलट्या 'ए'च्या अंगाने, शिंगं वर करून. गाठीवर मारताना मात्र तो बैल खाली डोकं करून धरायचा, म्हणजे 'ए' उभा राहतो.

मला हे ऐकून काय वाटलं असेल? गंमत वाटली. एका फटकळ म्हाताऱ्याची करमणूक. आज त्या बावीस वर्षांच्या दीडशहाण्याला पुढ्यात उभं करून दोन कानफटात द्याव्यात असं वाटतं. पण त्याला एकट्यालाच कशाला? आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी आम्हाला एबीसीडी छडीने शिकवली. पुस्तकात 'ए'पुढे सफरचंदाचं चित्र होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या दारात बैल बांधलेले होते आणि सफरचंद एकानेही चाखलेलं नव्हतं. त्या अक्षरात बैल आहे, घर आहे, दार आहे, पाणी आहे, हे कुणीही सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच, की ही साहेबाची विद्या आहे, मुकाट्याने पाठ करा. आम्ही केली, आणि ज्यांनी केली नव्हती त्यांच्याकडे नाक वर करून पाहायला शिकलो. फर्स्ट क्लासचे गुण ह्यालाच मिळाले होते.

पुढल्या हंगामात मुंबईहून नवे मॅनेजर आले. गोरे नव्हेत, आपल्यातलेच. आडनाव काढलं तर पाहुणेसंबंध निघावा इतके आपल्यातले. पण प्रेसच्या आवारात ते मराठी बोलत नसत. हमालाला पाणी मागायचं तरी ते मला इंग्रजीत सांगत आणि मी मराठी करत असे. मला त्याचाही अभिमान होता. साहेबाचं तोंड झालो होतो ना मी!

एका शुक्रवारी दुपारी वॅगन लागली. शुक्रवारी चाचा नमाजाला जात. तासाभराने येत, आणि तोवर मार्का थांबे, ही जुनी रीत होती. मॅनेजर फाटकाशी येऊन मला इंग्रजीत “वॅगन थांबणार नाही” एवढं बोलले आणि बंगल्यावर निघून गेले. हमाल माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “आणा तो कुंचा. अक्षरंच तर मारायची आहेत.” बाह्या दुमडल्या. पत्रा जुन्या शाईने इतका माखलेला होता की त्यातलं अक्षर म्हणजे नुसता चिखल. कडेचा बैल तेवढा स्वच्छ दिसत होता. गाठी आडव्या पडलेल्या, वरून हमालांची घाई. मी बैल सरळ धरला, शिंगं वर, आणि कुंचा फिरवत सुटलो. दोन पावलं मागे सरून एकदाही पाहिलं नाही. चाचा परत आले तेव्हा वॅगनचं दार बंद झालं होतं. “बराबर मारले ना, बाबू?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “चाचा, मी मॅट्रिक आहे.”

तीन आठवड्यांनी मुंबईचं पत्र आलं. अख्ख्या वॅगनवर 'ए' उलटा. हा माल रद्द समजायचा की काय समजायचं? तिथल्यांनी पहिल्या प्रतीची रुई तिसऱ्या प्रतीत ढकलली होती. पत्र मीच फोडलं, मीच वाचलं. पहिल्या ओळीलाच तो शिंगवाला पत्रा डोळ्यांपुढे आला. ते पत्र मॅनेजरच्या टेबलावर ठेवताना तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. नोकरी नवी होती, घरी लग्नाची बोलणी चालू होती, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कामाचं नाही.

चाचांना आत बोलावलं. मॅनेजर खुर्चीत, चाचा उभे, मध्ये मी. मॅनेजर मला इंग्रजीत म्हणाले, “त्या दिवशी ही अक्षरं कुणी मारली, विचार त्याला.”

आणि मी विचारलं. माझ्या ह्या तोंडाने मी विचारलं, “चाचा, त्या शुक्रवारी ही अक्षरं कुणी मारली?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. पोळ्याला मारलेला उलटा 'ए' साऱ्या अकोल्याला माहीत होता. हा कुणाचा खोडसाळपणा म्हणून बोट कुठे जाणार, हे त्यांना कळलं होतं. खरं काय तेही त्यांना कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. ते बोलले नाहीत. हमालांना तर कुणी विचारलंच नाही.

“काही बोलत नाही, सर,” मी म्हणालो.

“ह्याला अल्फाबेट तरी येतो का? म्हणायला सांग.”

चाचांनी छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत.” मॅनेजर हसले. त्या हसण्याने चाचांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हासून काहून राह्यले? साह्यबाले इचारा, बाबू. के च्या बाजूले एल काहून बसते, सांगा म्हना. हे अक्षरं काय त्यायच्या बापाची जागीर हायेत? हा हात, हे तुतारी, हे पानी, हे मासोई! बैलाचं तोंड हाय साह्यबाच्या ए मंधी!”

“काय म्हणतोय तो?” मॅनेजरांनी विचारलं. त्यांना मराठी कळत होतं. तरी त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, “काही नाही, सर. जनावरांबद्दल काहीतरी बरळतोय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. त्या खोलीत चोरच दुभाषी होता. कामावरून काढल्याचा कागद मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात काय घालू, म्हणून विचारलं. मॅनेजर म्हणाले, “निरक्षर.” मी माझ्या वळणदार इंग्रजीत ते लिहिलं. मग शाईचं पॅड चाचांपुढे सरकवलं, अंगठ्यासाठी. चाचांनी पॅड बाजूला सारलं, माझ्या हातातली लेखणी काढून घेतली आणि त्या 'निरक्षर'च्या खाली फारसी वळणाची झोकदार सही केली. दारातून जाताना 'ए'चा पत्रा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. बैलाची शिंगं वर होती. दुसऱ्याच आठवड्यात मुंबईहून पितळी ठसे आले, आणि तो पत्रा कुणी मागितला नाही.

त्यानंतर दोन हंगाम मी तिथे काढले आणि अमरावतीला परतलो. तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी मिळाली. पुस्तकांवर क्रमांक घालायचं काम. एके दिवशी लिप्यांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाताखाली आला. सहज उघडला, तर पानभर तक्ता, आणि तक्त्याच्या पहिल्या घरात बैलाचं तोंड. मी उभ्याउभ्याच वाचत गेलो. मिसरदेशात चित्रांची लिपी होती. ती दरबारी लेखकांची, शेकडो चिन्हांची. तिच्यातली मोजकी चित्रं उचलून, बैल, घर, हात, पाणी, डोळा, त्यांच्या नावाचा पहिला ध्वनी तेवढा घ्यायचा, ही युक्ती केली परक्या लोकांनी. ग्रंथकाराच्या मते ते तिथल्या वाळवंटातल्या खाणींवर राबायला आलेले असावेत. बैल आणि गाढवं हाकणारे, दरबारी लेखकांच्या लेखी अडाणी. त्यांच्याकडून ती अक्षरं समुद्रावर फिरणाऱ्या फिनिशियन व्यापाऱ्यांकडे गेली. त्यांच्याकडून ग्रीकांकडे, तिथून रोमकांकडे, आणि कितीतरी उशिराने साहेबाकडे. ह्या प्रवासात बैल आधी आडवा पडला, मग उलटा झाला. रोमकांनी 'सी'ला एक आडवी रेघ जोडून 'जी' केला. डोळ्याचा 'ओ' झाला. पण माळ तुटली नाही. के, एल, एम, एन. हात, तुतारी, पाणी, मासा.

खाणीतल्या अडाणी मजुरांनी केलेली अक्षरं! आणि ती अक्षरं हाताने कापणाऱ्या माणसाला आम्ही निरक्षर ठरवलं होतं, त्याच अक्षरांत लिहून. मला त्या दिवशी मॅनेजरचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. पण मॅनेजरने निदान ते त्या खोलीत एकदाच, ओझरतं ऐकलं होतं. मला चाचांनी स्वतः सांगितलेलं होतं.

पुढच्याच रविवारी मी मोटारीने अकोटला गेलो. पिशवीत तो पत्रा होता आणि चार पानं भरून उतरवून घेतलेला तक्ता. चाचांचं घर कुणीही दाखवलं. अंगणात संत्र्यांची खोकी रचलेली होती आणि ते खोक्यांवर व्यापाऱ्याचा मार्का मारत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. अक्षरं तशीच, धारदार, आणि दर खोक्यामागे तीच दोन पावलं मागे. मला पाहिलं आणि म्हणाले, “बसा, बाबू.” नातीला चहा टाकायला सांगितलं.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं ओकलो. ती अक्षरं मी मारली, बैल सरळ धरला, खोलीत गप्प राहिलो, बरळतोय म्हणालो. मग पिशवीतून पत्रा काढून एका खोक्यावर ठेवला, कागद काढले आणि घडाघडा वाचायला लागलो. तुम्ही म्हणत होतात ते सगळं खरं आहे, चाचा, मोठ्या पुस्तकात छापलेलं आहे, हा पाहा बैल, ही तुतारी. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा फुलेल. मालधक्क्यावर ओरडले होते तसे ओरडतील. ते शांतपणे शेवटपर्यंत ऐकत राहिले. कुंचा डब्यात बुडवून ठेवला, हात चिंधीला पुसले.

“हे तवा सांगाचं होतं, बाबू. थ्या खोलीत.”

मी कागद पत्र्याशेजारी ठेवले.

“मले मालूम नव्हतं का कोनं मारले ते? तुमाले वाटलं मी भेलो? मी चूप होतो, ते तुमी बोलान म्हनून.”

इतकं बोलून ते पुन्हा खोक्यांकडे वळले. नातीने चहा आणून दिला, तो मी प्यायलो. तो कसा लागला ते मला आठवत नाही. निघताना पत्रा उचलायला गेलो तर त्यावर चाचांचा हात होता. ती वस्तू त्यांची होती, त्यांनी ती ठेवून घेतली. तक्त्याचे कागद तेवढे माझ्या हातात परत दिले.